कपाटातला संत्र्याचा वास

“बाबा, युअर कपाट स्मेल्स लाइक फँटा,” गार्गी म्हणाली आणि आपला टॉवेल घेऊन निघून गेली. शुक्रवारची सकाळ, सुट्टीचा दिवस, वर्ल्ड कपला सदतीस दिवस उरलेले. दोह्याच्या मुऐदर भागात एका व्हिलाचे पाच तुकडे करून पाच कुटुंबांना देतात आणि प्रत्येक तुकड्याला व्हिलाच म्हणतात. अशा एका तुकड्यात सदानंद पलंगाच्या कडेला फोन घेऊन बसला होता. फोनवर मराठी मंडळाचा ग्रुप उघडा होता. चकलीच्या ऑर्डरी आणि कोजागरीचे फोटो यांच्या मधोमध कुणीतरी एक मजकूर ढकलला होता: येताना दुसऱ्याचं पार्सल आणू नका, ओळखीचं असलं तरी आणू नका, एकानं चुलत्याच्या शेजाऱ्याचं म्हणून आणलं आणि तो आता आत आहे. खाली सतरा जणांनी हात जोडले होते. सदानंदनंही जोडले होते. हात जोडून पुरती दोन मिनिटं झाली नव्हती, तोच गार्गीनं कपाटाचं ते वाक्य टाकलं, आणि त्याच्या पोटात काहीतरी लिफ्ट सुटावी तसं खाली गेलं. तो उठला. कपाट उघडलं. शर्टांच्या खाली, बुटांच्या खोक्यावर ते पार्सल बसलं होतं. मंगळवारी पहाटे ठेवलं होतं तसंच. पिठाच्या पिशवीच्या कापडात शिवलेलं, वरून खाकी चिकटपट्टीचे सात-आठ वेढे, आणि पेनानं गिरवून गिरवून लिहिलेलं नाव: किसन, दोहा. जणू दोह्यात एकच किसन होता. वास संत्र्याचाच होता. म्हणजे संत्र्याच्या सालीचा, नखानं साल मोडल्यावर डोळ्यांत उडतं त्या तुषाराचा, पण त्याच्यामागे आणखी काहीतरी होतं, लाकडासारखं, डिंकासारखं, फळाला न शोभणारं. फळ असतं तर तीन दिवसांत सडलं असतं. हे सडत नव्हतं. हे फक्त पसरत होतं.

सदानंद पेशानं क्वालिटी मॅनेजर. स्टेडियमच्या मागच्या पार्किंगला लागून असलेल्या स्वच्छतागृहांचा दर्जा त्याच्या सहीवर अवलंबून होता. जगभरचे लोक येणार, आणि पहिले धावत त्याच्याकडेच येणार, असं तो पार्टीत म्हणायचा; हसणारे पहिल्या वर्षी पुष्कळ होते. चौदा वर्षांत त्यानं टेस्ट सर्टिफिकेट नसलेली एक टाइल साइटवर येऊ दिली नव्हती. टाइलच्या मागचा शिक्का, खोक्यावरचा बॅच नंबर, पाठवणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, आणि मग कोपऱ्यात त्याची. आणि हाच माणूस नाशिकहून एक किलोचं, शिवलेलं, बिनसहीचं गाठोडं दोन विमानतळांमधून स्वतःच्या बॅगेत घेऊन आला होता. त्याला कारण होतं. गाठोडं देणारी बाई संजीवनी होती. नाशिकला आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून संजीवनी आईला उचलून बसवते, उचलून निजवते, आणि मधल्या वेळात जे करायचं असतं तेही करते. सदानंद चार दिवसांसाठी गेला होता, त्यातले दोन दिवस त्यानं आईला उचलायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा संजीवनीनं “व्हा बाजूला दादा” म्हणून त्याला बाजूला केलं. निघायच्या दिवशी तिनं ते पार्सल आणून त्याच्या बॅगेशेजारी ठेवलं. “माझा भाऊ तुमच्या दोह्यातच असतो ना, नजमा भागात. आईनं गावाहून पाठवलंय. खायचंच आहे.” अशा बाईला आत काय आहे विचारायचं? उघडून दाखव म्हणायचं? आपल्या आईचं अंग पुसणाऱ्या बाईला? शिवाय पार्सल नेणं हा आपल्याकडे प्रश्न नसतोच. सदानंदनं या चौदा वर्षांत लोकांची मेतकुटं, लोकांची कवळी, एकदा तर एका घटस्फोटाचे कागद आणले होते. दुसऱ्याचं पार्सल उघडून बघणारा माणूस म्हणजे दुसऱ्याचं पत्र वाचणारा माणूस. कस्टम्सच्या यंत्रातून बॅग गेली तेव्हा पडद्यामागचा तरुण जांभई देत म्हणाला होता, “यल्ला, यल्ला,” म्हणजे चला, निघा. तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटत होतं की तो तरुण मुद्दामच जांभई देत होता. आधी जाऊ द्यायचं, मग कुणाकडे जातो ते बघायचं, अशी त्यांची पद्धत असणार.

“नमिता, इकडे ये. वास घे जरा.”

नमिता आली. कोविडनंतर तिचं नाक गेलं ते परत आलं नव्हतं. दूध उतू गेलेलं तिला आवाजावरून कळायचं. तरी तिनं नवऱ्याच्या समाधानासाठी कपाटात डोकं घातलं. “मला काय विचारतोस? उघडून बघ ना.”

“दुसऱ्याचं पार्सल आहे.”

“मग नेऊन दे ज्याचं त्याला. तीन दिवस काय मांडी घालून बसवलंयस.”

“साइटवर हँडओव्हर चाललाय, नमिता.”

“मग बसव,” म्हणून ती गेली. स्वयंपाकघरातून कुकरची शिटी झाली. सदानंदला ती शिटी दुसऱ्याच कसली तरी वाटली.

मग त्यानं ती चूक केली जी शिकलेला माणूसच करतो: त्यानं माहिती काढली. संत्र्याचा वास येणारा अमली पदार्थ, असं त्यानं फोनला इंग्रजीत विचारलं. पहिली चार पानं उघडली नाहीत, या देशात ती उघडत नाहीत, पाचवं उघडलं. गांजाच्या एका संकरित वाणाचं ते पान होतं. नाव लहान मुलांच्या गोळीसारखं होतं. सदानंदनं आयुष्यात हजारो डेटाशीट वाचल्या होत्या, पण इतकी नीट मांडलेली क्वचित. जात: संकरित, साठ टक्के एका घराण्याची, चाळीस दुसऱ्याची. वास: संत्र्याची ताजी साल, लिंबू, मागाहून देवदार. वास ज्या तेलामुळे येतो त्याचं नाव, आणि ते तेल लिंबूवर्गीय फळांतही असतं असा खुलासा. दिसायला: खडबडीत, घट्ट बोंडं, हिरवट ते तपकिरी, मधून नारिंगी छटा, वाळवण्याच्या पद्धतीप्रमाणे रंगात फरक पडू शकतो. परिणाम: आधी मन हलकं होतं, बोलावंसं वाटतं, हसू येतं, मग अंग सैल पडतं, भूक लागते. अवांछित परिणाम: तोंडाला कोरड, डोळे लाल, नाडी जलद, आणि मात्रा जास्त झाल्यास संशय व भीती. खाली ग्राहकांचे अभिप्राय होते. एकीनं पाच तारे देऊन लिहिलं होतं की मी हा वापरून पूर्ण स्वयंपाकघर आवरलं. सदानंदच्या तोंडाला कोरड पडली. नाडी त्यानं घड्याळावर पाहिली, एकशे आठ. आरशात डोळे पाहिले. लाल होते. म्हणजे नुसत्या वाचनानं चारपैकी चार अवांछित परिणाम पुरे झाले होते, आणि हव्या त्या परिणामांचा पत्ता नव्हता. आणि हे सगळं आपण याच फोनवर, याच सिमवर, आपल्या रहिवासी परवान्याला जोडलेल्या नंबरावर शोधलं, हे त्याला पान बंद केल्यानंतर सुचलं.

न्हाणीघरात जाऊन त्यानं कडी लावली, एग्झॉस्ट चालू केला, आणि गार्गीच्या शाळेच्या कात्रीनं पार्सलचा एक कोपरा उसवला. आपण पहिल्यांदाच कुणाचं पार्सल उघडतोय याची लाज त्याला त्या क्षणी वाटली. भीतीच्या आतही ती एवढीशी लाज वेगळी कळत होती, बुटात खडा असावा तशी. आतून तीन-चार दाणे तळहातावर आले. चष्मा कपाळावरून खाली आणून त्यानं पाहिलं. खडबडीत. तपकिरी, पण कडेनं हिरवट. प्रत्येक दाणा मधून फुटलेला, छोट्या उघड्या तोंडासारखा, देठाला धरून. बोंडच. वास आता संत्र्याचा राहिला नव्हता, वासानं न्हाणीघराचा ताबाच घेतला होता. गांजा त्यानं जन्मात पाहिला नव्हता, आणि हेही पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या दोन गोष्टी एकच असायला काहीच हरकत नव्हती. क्वालिटीच्या माणसाला नुसत्या नजरेवर थांबता येत नाही. त्यानं एक दाणा दातांखाली धरला. आधी लिंबू, मग कडवट, मग काहीच नाही. मग जिभेचं टोक मुंग्या आल्यासारखं झिणझिणलं, आणि ओठ जागेवर आहे की नाही ते कळेना. सदानंद कमोडच्या झाकणावर बसला. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यासारखं तोंड. संपलं, असं त्याला वाटलं. त्या शब्दात फार काही नव्हतं, एक लांबलचक पांढरी फरशी होती आणि तिच्यावरून चालत जाणारा तो. नमिता गार्गीला घेऊन पुण्याला माहेरी, गार्गीची बारावी अर्धी, आणि आईला उचलून बसवणारी बाई तीच, जिच्यामुळे हे झालं. हा शेवटचा विचार त्याला सर्वांत अवघड गेला. संजीवनीला घालवता येणार नव्हतं. तुरुंगातूनसुद्धा तिचा पगार पाठवावा लागला असता.

वासाचा आणि त्याचा हा पहिला व्यवहार नव्हता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या खोलीत, विजयकुमार नावाचा पार्टनर होता. लातूरकडचा, शिक्षकाचा मुलगा, गणितात अफाट. त्याच्या कॉटखालून ओल्या सुतळीला जाळल्यासारखा वास यायचा. सदानंदनं महिनाभर खिडकी उघडी ठेवून पाहिली, मग एका सकाळी रेक्टरना चिठ्ठी दिली. नाव न घालता. कॉटखाली चिमूटभर गांजा सापडला, चिमूटभरच. तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं, नियम होता, नियम मोडला होता. चार दिवसांनी विजयकुमारचे वडील त्याची ट्रंक न्यायला आले. धोतर, कोट, पायांत कॅनव्हासचे बूट. सगळ्या मुलांना त्यांनी एकेक करून नमस्कार केला, याला जपलंत, उपकार झाले, असं म्हणत. सदानंदच्या पुढेही आले, हात जोडले, वाकले. विजयकुमार दारात उभा होता. तो सदानंदकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता की सहज, ते सदानंदनं तीस वर्षं तपासलं आणि निष्कर्ष निघाला नाही. नंतर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला लिहून देण्याचा एक हात आहे. पुढे कंपनीत त्याच हाताची किंमत झाली. कुणाच्या कामात दोष दिसला की तो बोलत नसे, लिहीत असे, तारीख, वेळ, जागा, फोटो. त्याच्या अहवालामुळे तीन सुपरवायझर आणि एक सबकॉन्ट्रॅक्टर घरी गेले होते. त्यांचे वडील ट्रंक न्यायला येत नाहीत, इथे एवढी सोय आहे.

आता मार्ग तीन होते, आणि न्हाणीघरातच त्यानं ते तपासले. एक, कमोडमध्ये ओतून द्यायचं. पण किलोभर बोंडं चार इंची पाइपात अडकतात हे त्याच्याहून चांगलं या शहरात कुणाला माहीत नव्हतं. दोन, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकायचं. पण मांजरं फाडणार, वास सुटणार, आणि कुंडीसमोर महिन्यापूर्वीच नवा कॅमेरा बसला होता, वर्ल्ड कपनिमित्त. तीन, आपणच पोलिसांना फोन करायचा. साहेब, मला फसवलं, हे त्या माणसाचं नाव, हा नंबर. आधी सांगणारा सुटतो, असं सगळीकडेच असतं. त्यानं आधी नाशिकला फोन लावला. संजीवनीनं उचलला. “बोला दादा.” तो म्हणाला, “आईचं पोट साफ झालं का?” ती म्हणाली, “झालं की सकाळीच.” तो म्हणाला, “बीपी?” ती म्हणाली, “एकशे तीस.” पार्सलचं विचारावं तर संशय घेतल्यासारखं. आणि खरंच काही असेल तर ती खरं सांगेल कशाला? “भावाला मिळालं का हो ते?” तिनंच विचारलं, आणि त्याला तो प्रश्न नको इतका सहज वाटला. “देतोय,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्यानं पोलिसांचे तीन आकडे दाबले. नऊ, नऊ, नऊ. हिरवं बटण राहिलं. अंगठा बटणाच्या वर होता आणि त्या अंगठ्याला तो अनोळखी माणसाच्या अंगठ्याकडे बघावं तसा बघत होता. हा किसन कोण? नजमाच्या खोलीतला एक माणूस, आठ बाय दहात सहा कॉट. दोषी असला तर असला. पण त्याचा बाप, आई, कुणीतरी असेल, आणि ते ट्रंक न्यायलासुद्धा येऊ शकणार नाहीत. हात जोडायला समोर कुणी मिळणार नाही. अंगठा तसाच राहिला. आणि फोन वाजला. तो इतका दचकला की कात्री बेसिनमध्ये पडली.

“साहेबानू, मी किसन. संजीवनीचो भाव.” आवाज घाबरलेला होता. “तुमचो फोन नाय म्हणान मीच लावलंय. ता पार्सल… इला मां?”

“आलंय.”

“मगे तीन दिवस… काय त्रास तर झालो नाय मां तुमका? कुणी काय विचारल्यानी?”

कुणी काही विचारलं का! निष्पाप माणूस असं विचारतो? सदानंदच्या जिभेचं टोक अजून त्याचं झालं नव्हतं. “नाही,” तो म्हणाला. “कुणी काही विचारलं नाही.”

“मी येतंय घेवक. तुमका त्रास नको.”

“नको!” गेटवरचा गार्ड येणाऱ्याचं नाव, नंबर आणि वेळ लिहून घेतो, ती वही सदानंदनंच सोसायटीला सुचवली होती. “मीच येतो. पत्ता पाठव.”

त्यानं उसवलेल्या कोपऱ्यावर साइटची पिवळी टेप मारली, पार्सल भाजीच्या पिशवीत घातलं, पिशवी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली, मग मागच्या सीटवर, मग डिकीत. ठरलं असं: पार्सल त्याच्या हातात द्यायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि म्हणायचं, मला सगळं माहीत आहे, मी लिहून देणार नाही, पण पुन्हा नाही. हे वाक्य त्यानं तीन प्रकारे म्हणून पाहिलं. रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना बत्तीस देशांची निशाणं होती, काही अजून चढवत होते, आणि चढवणारे सगळे शिडीवरून आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं. तो ताशी पंचावन्नानं चालला होता, त्याच्या चौदा वर्षांतला नीचांक. एका सिग्नलला पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. आतल्या पोलिसानं काच खाली केली. सदानंदनंही केली. बाहेरचं ऊन आत आलं आणि आतला वास बाहेर गेला असणार. पोलिसानं हातानं खूण केली: सीट बेल्ट. सदानंदनं बेल्ट लावला, “शुक्रन” म्हणाला, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर त्यानं डाव्या पायानं क्लच दाबला, तर गाडी गचका देऊन जागीच थांबली. गाडी ऑटोमॅटिक होती आणि क्लच तिला नव्हताच, हे त्याला पुढच्या चौकात आठवलं. भूक मात्र भयंकर लागली होती. हेही त्या पानावर होतं.

नजमाच्या त्या गल्लीत खाली न्हाव्याचं दुकान, शेजारी चहाची टपरी, वर जायला अंधारा जिना. दुसऱ्या मजल्यावर दारात चपला आणि सेफ्टी बूट यांचा ढीग. दार उघडंच होतं. आत सहा कॉट, कॉटच्या मधल्या दोरीवर गणवेश, कोपऱ्यात शेगडीवर मोठं भांडं, आणि चार माणसं, जी तो दिसताच उभी राहिली. उंच, चाळिशीचा, एसीच्या डक्टचं काम करणाऱ्यांचे हात असतात तसे पत्र्यानं चिरलेले हात, तो किसन. “येवा, येवा साहेब,” म्हणाला. पण पुढे आला नाही. सदानंदनं पिशवीतून पार्सल काढून पुढे केलं. मला सगळं माहीत आहे, हे वाक्य ओठाशी आलं होतं. किसननं हात पुढे केला, आणि पिवळी टेप बघून तो मागे घेतला.

“हात लावू नको किसन,” मागून दुसरा म्हणाला. पांढराशुभ्र कुर्ता, नुकतीच अंघोळ केलेला, नमाजाला निघायच्या तयारीतला माणूस. “साहेब, मी रियाज. राजापूरचा. राग मानू नका, पण ही पिवळी टेप गावची नाही. उघडलेलं दिसतंय.”

“थोडं… कोपरा फाटला होता,” सदानंद म्हणाला.

“असेल. तुम्हीच उघडा साहेब. इथं, सगळ्यांच्या समोर. जो आणतो तो उघडतो, आम्ही व्हिडिओ काढतो. ह्या खोलीचा नियम आहे. मागे एकाला मोठ्या साहेबानं असंच पार्सल दिलं होतं, त्याच्यात काय काय निघालं. साहेब सुटला.” त्यानं फोन समोर धरला. “नाव सांगा.”

सदानंदनं नाव सांगितलं. कंपनी सांगितली. कधी आलं, कुठून आलं, कुणी दिलं, सांगितलं. असे प्रश्न आयुष्यभर त्यानं लोकांना विचारले होते, याच क्रमानं; उत्तर देणाऱ्याची मान अशी आपोआप खाली जाते हे त्याला विचारताना कधी दिसलं नव्हतं. आणि त्याच वेळी, कॅमेऱ्यासमोर, त्याला एक गोष्ट हळूहळू कळत होती. ज्यांच्याकडे ते पोचायचं होतं ते लोक ते हातात घ्यायला तयार नव्हते. ते त्यालाच भीत होते. ज्या माणसाला आत काय आहे माहीत असतं तो असा घाबरत नाही. त्याच्या पोटातली लिफ्ट एक मजला वर आली.

“सुरी घ्या,” कुणीतरी म्हणालं. त्यानं टाके कापले. कापड उघडलं. आत आणखी एक पिशवी, तिच्या तोंडाला सुतळी. सुतळी सुटेना, रियाज म्हणाला, “जरा लवकर साहेब, नमाज चुकेल.” सुतळी सुटली आणि तपकिरी दाणे जमिनीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर घसरले, आणि वास त्या खोलीत असा उठला की दोरीवरचे गणवेश हलल्यासारखे वाटले. मग रियाजनं फोन खाली केला.

“अरे मेल्या, तिरफळां!”

चौघंही एकदम हसले. किसन गुडघ्यांवर बसला, त्यानं दोन्ही ओंजळी भरून घेतल्या आणि तोंड त्यात घातलं, आणि बराच वेळ काढलंच नाही. काढलं तेव्हा डोळे ओले होते. ते तिरफळामुळेही असेल. “ह्या वर्साची,” तो म्हणाला. “आवशीन झाडावरसून काढल्यान. काटे किती असतत ठावक असा? आवस बायडाबाय ऐशी वर्साची झाली, तरी झाडाक हात लावक देत नाय कोणाक.”

“तिरफळां म्हणजे?” सदानंदनं विचारलं.

खोलीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मराठी माणसानं हा प्रश्न विचारावा याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. “बांगड्याच्या कढीत घालतत साहेब,” किसन समजावून सांगायला लागला, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. “दोन-चार ठेचून टाकायची. खायची नाय. जीभ मरता.”

“जीभ मेली,” सदानंद म्हणाला. “मी खाल्लं. न्हाणीघरात. मला वाटलं…” आणि त्याला काय वाटलं ते त्यानं सांगितलं. ते पान, संकर, साठ टक्के, चाळीस टक्के, स्वयंपाकघर आवरणारी बाई, लाल डोळे, ऑटोमॅटिक गाडीत दाबलेला क्लच. नऊचे तीन आकडे दाबले होते हेही सांगितलं. ते सांगायचं ठरलं नव्हतं, पण तोंड चालूच राहिलं. सांगता सांगता त्याला हसू फुटलं आणि ते थांबेना, अंग सैल पडलं, तो किसनच्या कॉटवर बसला. आधी मन हलकं होतं, बोलावंसं वाटतं, हसू येतं. डेटाशीट अक्षरशः बरोबर होती. फक्त माल लागला नव्हता. हसणारे सगळेच होते. किसन मात्र नऊच्या आकड्यांपाशी हसायचा थांबला होता, आणि थोड्या वेळानं, इतरांपेक्षा उशिरा, पुन्हा हसला.

“माका वाटला तुमका धरल्यानी,” तो म्हणाला. “तीन दिवस फोन नाय. रियाज म्हणता, धरल्यानी तर साहेब तुझा नाव सांगतलो. झोप नाय माका.”

“मी नव्हतं सांगितलं नाव,” सदानंद म्हणाला. हे खरं होतं, एका अंगठ्याच्या अंतरानं खरं.

“ता कळला मां आता.”

“जेवान जावा साहेब,” दुसरा कोण तरी म्हणाला. सदानंद मासे खात नाही हे कळल्यावर खोलीत पुन्हा थोडी हळहळ झाली. मग किसननं त्याच्यासाठी वेगळी डाळ लावली, तीन दाणे ठेचून टाकले. रियाज नमाजाहून परत येईपर्यंत भात झाला. पाच माणसं कॉटच्या कडेला, मांडीवर ताटल्या. सदानंद तीनदा भात घेऊन जेवला. नमिताचा फोन आला, “काय निघालं रे त्याच्यात?” तो म्हणाला, “मसाला.” ती म्हणाली, “बघ, मी म्हटलं होतं उघडून बघ.” पलीकडे गार्गी विचारत होती, “मॉम, इज इट फँटा?” खिडकीच्या फटीतून ऊन आत येत होतं, एसी धापा टाकत होता, आणि इतकं साधं दुपारचं ऊन आपण कितीतरी दिवसांत पाहिलं नाही असं त्याला वाटलं.

निघताना किसन जिन्यापर्यंत आला. चपलांच्या ढिगातून सदानंदचे बूट त्यानंच शोधून दिले. “वर्ल्ड कप झालो की मी गावाक जातंय,” तो म्हणाला. “जाताना नाशकाक बहिणीकडे उतरतलंय. तुमच्या आईक काय पाठवचा असात तर द्या. मी नेतंय.”

“देतो,” सदानंद म्हणाला. “नक्की देतो. खजूर देतो, आणि आईच्या कमरेचा पट्टा. बांधून आणून ठेवतो.”

किसननं मान हलवली. तो हसत होता, पण नजर हलली नाही.

“बांधून नको साहेब. सुटा घेवन येवा. आमच्या समोर बांधा. रियाज व्हिडिओ काढतलो.”

“येतो,” सदानंद म्हणाला. “कुठल्या शुक्रवारी, ते सांग.”